आयपीसवरचा आकडा

थंडीच्या एका रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक वडील आपल्या सातवीतल्या मुलीला आणि तिच्या वाढदिवसाला आणलेल्या दुर्बिणीला घेऊन आले. ६० मिलिमीटर व्यासाचं भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, सोबत २० आणि ४ मिलिमीटरचे दोन आयपीस आणि विशालन तिप्पट करणारी बार्लोची नळी. खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि ठळक अक्षरांत '५२५ एक्स'. बापलेकीनं तीन रात्री खटपट केली होती. दिसला होता तो एक करडा, थरथरणारा डाग. "काका, दुर्बीण बिघडलीय का?" मुलीनं विचारलं.

दुर्बीण ठणठणीत होती. तिन्ही रात्री त्यांनी ४ मिलिमीटरचा आयपीस आणि बार्लो एकत्र लावले होते, कारण खोक्यावर तेच सगळ्यांत मोठं छापलेलं होतं. हौशी निरीक्षकाची पहिली निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते आणि अनेकांची दुर्बीण त्यानंतर माळ्यावर जाते. मला याचं फार वाईट वाटतं. दुर्बिणीचं भिंग किंवा आरसा एकदा घेतला की बदलत नाही. रोज आपल्या हातात असतो तो आयपीस. आणि नेमकं त्याच्याबद्दलच चुकीचं काही मनात ठेवून माणसं गच्चीवर येतात.

"जितके पट जास्त, तितकं छान दिसणार"

खोक्यावरचं गणित खोटं नाही. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतरानं भागलं की विशालन मिळतं. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याच्या तिप्पट ५२५. खोक्यावर लिहिलेली नसते ती पुढची गोष्ट: ६० मिलिमीटरच्या भिंगात जेवढा प्रकाश येतो तेवढाच येतो. तो जास्त मोठ्या चित्रावर पसरला की चित्र मंद होतं. फुग्यावर पेनानं लिहिलेलं अक्षर फुगा फुगवल्यावर मोठं होतं आणि फिकटही होतं, तसंच. त्याच दुर्बिणीत ६० पटींना गुरूचं बिंब जितकं तेजस्वी दिसतं, त्याच्या सुमारे ७६ पट मंद ते ५२५ पटींना दिसेल.

दुसरी मर्यादा बारकाव्यांची. एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला. ६० मिलिमीटर व्यासाचं भिंग जवळजवळ २ विकलांपेक्षा बारीक तपशील वेगळा करूच शकत नाही; प्रकाशाच्या लहरींचा तो स्वभाव आहे. जे भिंगाला दिसलंच नाही ते आयपीस कुठून दाखवणार? म्हणून जुन्याजाणत्या निरीक्षकांचा ठोकताळा असा, की भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि दुप्पट करा. ती विशालनाची कमाल मर्यादा. ६० च्या दुर्बिणीला १२०, १५० च्या दुर्बिणीला ३००. त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो.

गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र शोधले तेव्हा त्याच्या दुर्बिणीचं विशालन साधारण २० पट होतं. त्याची भिंगं आजच्या साध्या दुर्बिणीच्या भिंगांपेक्षाही वाईट होती.

तरीही लोक म्हणतात, "गुरू एवढासाच दिसतो." इथे डोळ्यांची फसगत होते. पृथ्वीच्या जवळ असताना गुरूचं बिंब सुमारे ४५ विकलांचं असतं. ४० पटींना ते अर्ध्या अंशाचं होतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढं. १२० पटींना ते त्या चंद्राच्या तिप्पट रुंद असतं. पण आयपीसमधून दिसणाऱ्या काळ्या चकतीच्या मधोमध, तुलनेला शेजारी काहीच नसताना, मनाला ते वाटाण्याएवढं वाटतं. अशा वेळी विशालन वाढवू नये, डोळा आयपीसवरून हलवू नये. दोन-तीन मिनिटं टक लावून बसलं की त्याच 'वाटाण्या'वरचे पट्टे एकेक करून उमटायला लागतात.

"२५ चा आयपीस १० पेक्षा ताकदवान"

आकड्यामुळे होणारा हा गोंधळ एका वाक्यात मिटतो: आयपीसवरचा आकडा भाजक आहे, त्यामुळे तो लहान झाला की विशालन वाढतं. आपल्याकडच्या हौशी मंडळींमध्ये बरीच प्रचलित असलेली दुर्बीण घ्या, १५० मिलिमीटरचा आरसा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, म्हणजे (१२०० भागिले १५०) एफ/८. तिला २५ चा आयपीस ४८ पट देतो, १० चा १२० पट आणि ६ चा २०० पट. यापुढची बहुतेक उदाहरणं याच दुर्बिणीची.

"मर्यादा ३०० आहे ना, मग ३०० पटींना दिसलंच पाहिजे"

दुर्बीण तयार असते, हवा तयार नसते. ताऱ्याचा प्रकाश आपल्या डोक्यावरच्या अनेक थरांमधून येतो आणि त्या थरांत गार-गरम हवा सतत मिसळत असते. विशालन वाढवलं की ही थरथरही तितकीच मोठी होते. शहरात भर पडते ती गच्चीची. दिवसभर उन्हात तापलेलं काँक्रीट रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतं, आणि आपण नेमके सात वाजता त्याच्यावर दुर्बीण मांडतो. खोलीतून बाहेर आणलेला आरसाही लगेच थंड होत नाही. त्याला निदान अर्धा तास द्यावा, मोठा असेल तर तासभर.

याच्याच पोटातला एक गैरसमज म्हणजे लखलखत्या, चमचमत्या ताऱ्यांची रात्र ग्रहांसाठी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून गार वारं सुटतं, आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं, व्याध रंगीबेरंगी ठिणग्या टाकतो. ती रात्र तारकागुच्छांसाठी आणि तेजोमेघांसाठी राखून ठेवा. तारा चमकतो याचा अर्थच हवा हलतेय. ग्रह बघायला मला आवडतात त्या किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री. तारे शांत असतात, आणि १७० किंवा २०० पटींना गुरूचा पट्टा जागेवर थांबतो. माझ्या अनुभवात गच्चीवरच्या बहुतेक रात्री १०० ते १५० पटींच्या असतात आणि २०० पटींची रात्र भेटली की मी झोपायला जात नाही.

म्हणून क्रम नेहमी एकच ठेवावा. सर्वांत मोठ्या आकड्याचा आयपीस आधी, मग एकेक पायरी खाली. ज्या पायरीवर चित्र मोठं झालं पण नवं काही दिसलं नाही, तिथून एक पायरी परत. त्या रात्रीचा आयपीस तो.

"मंद गोष्टींना कमीत कमी विशालन हवं"

हा गैरसमज नवशिक्यांपेक्षा वाचून आलेल्यांमध्ये जास्त, आणि त्यात अर्धं सत्य असल्यामुळे तो सुटतही नाही. तो समजून घ्यायला आयपीसचा एक कमी चर्चिलेला गुण बघायला हवा.

दिवसा दुर्बीण सूर्याच्या उलट दिशेच्या मोकळ्या आभाळाकडे करा आणि आयपीसपासून फूटभर मागे या. काचेवर एक छोटी उजळ टिकली तरंगताना दिसेल. दुर्बिणीनं गोळा केलेला सगळा प्रकाश त्या टिकलीतून बाहेर पडतो. तिचा व्यास काढणं सोपं आहे: आयपीसच्या आकड्याला दुर्बिणीच्या एफ-आकड्यानं भागा. एफ/८ ला २५ चा आयपीस म्हणजे ३.१ मिलिमीटर, ६ चा म्हणजे ०.७५. इंग्रजीतलं 'एक्झिट प्युपिल' हे नाव हौशी मंडळी वापरतात. मी तिला टिकलीच म्हणतो.

ही टिकली आपल्या डोळ्याच्या बाहुलीत मावली पाहिजे. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर अनेकांची ५ च्या आसपास थांबते. एफ/५ च्या दुर्बिणीला ४० चा आयपीस लावला तर टिकली ८ मिलिमीटरची होते. कडेचा प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वाया जातो, जणू आपण आपला आरसाच लहान करून घेतला. म्हणजे विशालनाला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे, आणि ती आपल्या वयावर ठरते. शिवाय शहरात टिकली मोठी ठेवली की दिव्यांनी उजळलेलं आभाळही तितकंच ढळढळीत दिसतं.

आता मंद वस्तूंकडे येऊ. विशालन वाढवलं की तेजोमेघ मंद होतो, खरं आहे. पण त्याच्या मागचं आभाळही त्याच प्रमाणात मंद होतं. दोघांमधला फरक तेवढाच राहतो आणि वस्तू मात्र मोठी होते. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लहान मंद ठिपक्यापेक्षा मोठा मंद डाग सहज जाणवतो. स्वरमंडळातला, अभिजितच्या जवळचा कंकणाकृती तेजोमेघ जेमतेम सव्वा कलेचा आहे. ४८ पटींना त्याच्या मधलं भोक असल्यासारखं वाटतं, एवढंच. १२० पटींना कडं स्पष्ट होतं. एप्रिल-मे महिन्यात नरतुरंगातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ बघा. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या नशिबी तो नाही. पुण्यातून तो दक्षिणेला सुमारे २४ अंश वर येतो. ४८ पटींना तो दुधी गोळा आहे. १० चा आयपीस लावला की सगळी चकती भरून जाते आणि गोळ्याचे कण होतात, शेकडो वेगळे तारे. तो बदल पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून निघणारा उद्गार ऐकण्यासाठी मी अनेकदा आयपीस बदलून बाजूला उभा राहिलो आहे.

उलट देवयानी दीर्घिका आभाळात तीन अंशांहून लांब पसरलेली आहे. तिला कितीही मोठा आकडा कमीच. मृगातल्या तेजोमेघाला दोन्ही लागतात: पंख पसरलेले बघायला २५ चा, गाभ्यातले चार तारे सुटे बघायला १० चा. सगळ्या मंद वस्तूंना एकच आयपीस पुरेल असं मानणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

"४० चा आयपीस ३२ पेक्षा जास्त आभाळ दाखवतो"

दुकानात हा हमखास गळ्यात मारला जातो. सव्वा इंची नळीच्या आत जास्तीत जास्त सुमारे २७ मिलिमीटरची मोकळी जागा असते, आणि आभाळ किती दिसणार हे त्या जागेवर ठरतं. प्लॉसल रचनेचा ३२ चा आयपीस ती सगळी वापरून टाकतो. ४० च्या प्लॉसलला वापरायला आणखी जागा उरत नाही, म्हणून तो तेवढंच आभाळ थोड्या लहान, अरुंद चकतीत दाखवतो, नळीतून डोकावल्यासारखं. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला दोन्हींतून साधारण १.३ अंश दिसतं. याहून जास्त हवं असेल तर दोन इंची नळीचा आयपीस लागतो आणि दुर्बिणीचा फोकसरही, म्हणजे आयपीस बसतो तो भाग, तसाच लागतो. मग आभाळ दोन अंशांपलीकडे जातं. कृत्तिकेचे ठळक तारे एका अंशात कसेबसे मावतात, पण भोवती थोडं रिकामं आभाळ दिसलं तरच तो पुंजका वाटतो. तिच्यासाठी दोन इंची आयपीसला तोड नाही. ग्रहांसाठी मात्र नळीच्या जाडीचा काही उपयोग नाही.

जुन्या आणि स्वस्त संचांत २४.५ मिलिमीटर नळीचे बारीक आयपीस येतात. तसे तुमच्याकडे असतील तर नवे घेण्याआधी नळी मोजा, नाहीतर घरी आल्यावर आयपीस बसतच नाही.

"चष्मा आहे, म्हणजे हे आपल्यासाठी नाही"

असं म्हणून रांगेतून मागे फिरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येकाला परत बोलावलं आहे. दूरचा किंवा जवळचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून ठेवा आणि फोकस थोडा फिरवा. चित्र स्वच्छ होतं. अडचण असते सिलिंड्रिकल नंबरवाल्यांची, कारण तो दोष फोकसनं जात नाही. त्यातही टिकली आडवी येते. टिकली मोठी असेल तर डोळ्याचा मोठा भाग कामाला लागतो आणि दोष दिसतो. टिकली एक मिलिमीटरच्या आत असेल तर तो बहुधा जाणवतही नाही. म्हणजे २५ च्या आयपीसला चष्मा ठेवायचा आणि ६ च्या आयपीसला काढून बघायचं.

चष्मा ठेवून बघायचं तर आयपीसच्या काचेपासून १५ ते २० मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण चकती दिसली पाहिजे. प्लॉसल पद्धतीत हे अंतर आयपीसच्या आकड्याच्या पाऊणपटीच्या आसपास असतं. २५ च्या आयपीसला ते पुरतं, १० ला डोळा अगदी टेकवावा लागतो, आणि ४ ला पापण्या काचेवर घासतात. त्या मुलीच्या ४ मिलिमीटरच्या आयपीसची अर्धी अडचण हीच होती. सातवीतल्या लेकरानं एवढ्याशा भोकाला डोळा लावून स्थिर राहायचं कसं? लहान आकडा हवाच असेल तर लांबून दाखवणाऱ्या रचनेचा आयपीस घ्यावा. थोडे पैसे जास्त जातात, पण घरातली आजीही मग बघू शकते.

"महागडा आयपीस साध्या दुर्बिणीचं सोनं करतो"

प्लॉसल ही रचना व्हिएन्नाच्या गेऑर्ग प्लॉसलनं १८६० साली केली. ती आजही टिकून आहे, कारण एफ/८ सारख्या लांबट दुर्बिणीत तिचं चित्र कडेपर्यंत नीट असतं. तिथे महाग, रुंद चकतीचा आयपीस लावल्यानं जास्त आभाळ दिसेल, मधला ग्रह जास्त रेखीव होणार नाही. एफ/५ किंवा त्याहून आखूड दुर्बिणीत मात्र प्रकाश तिरपा येतो आणि स्वस्त रुंद आयपीस उघडे पडतात. कडेचे तारे ओढल्यासारखे लांबट होतात. त्यातला काही दोष आरशाचाच असतो, तो कुठल्याच आयपीसनं जात नाही. पैसे खर्चण्याआधी आरसा सरळ लागला आहे का, तो गार झाला आहे का, एवढं बघावं. माझ्या मते नवशिक्याच्या दुर्बिणीत सर्वांत मोठी सुधारणा या दोन फुकटच्या गोष्टींनी होते.

बार्लोविषयी दोन टोकाची मतं ऐकू येतात, एकतर ती चित्र बिघडवते किंवा तिच्यामुळे आयपीस आपोआप दुप्पट होतात. चांगली बार्लो चित्र बिघडवत नाही आणि मोठ्या आयपीसचा आरामही टिकवते. आयपीस दुप्पट होतात की नाही हे आकड्यांवर ठरतं. २० आणि १० असतील तर दुप्पट बार्लो २० चा १० करते, जो आधीच खिशात आहे. ३२ आणि १२ असतील तर ३२, १६, १२, ६ अशा चार वेगळ्या पायऱ्या मिळतात. आपल्या दुर्बिणीत ३७, ७५, १०० आणि २०० पट. दोन आयपीस, एक बार्लो. मला कुणी विचारलं तर पहिली दोन-तीन वर्षं एवढंच घ्या म्हणून सांगतो. त्यातही आधी दुसऱ्याच्या आयपीसमधून बघून घ्यावं. पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. अशा ठिकाणी एका रात्रीत पाच-सहा दुर्बिणींना डोळा लावता येतो. आणि आयपीस घेतल्यावर पावसाळ्याचे चार महिने ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. कोकणात तर एका पावसात काचेवर बुरशीची जाळी उगवते आणि ती काढताना काचेवरचा लेप जातो.

एक गोष्ट मात्र गैरसमज म्हणून सोडून देण्याजोगी नाही. स्वस्त संचांत आयपीसच्या बुडाला आट्यांनी बसणारी 'सन' लिहिलेली गडद काच येते. ती कचऱ्यात टाका. भिंगानं एकवटलेली सूर्याची सगळी उष्णता तिच्यावर पडते, ती तडकते, आणि डोळा जायला क्षणही पुरतो. सूर्य बघायचा तर गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकून, त्यासाठीच बनवलेली हवी.

त्या रात्री आम्ही बार्लो काढून ठेवली. २० चा आयपीस लावला, ३५ पट. गुरू फोकसमध्ये आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार ठिपके. मुलगी काही बोलली नाही, पण आयपीसवरून डोळाही काढला नाही.

मग मी तिला एक काम दिलं. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आहेत, त्यांतला पश्चिमेकडचा जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो चकतीच्या एका कडेला आणायचा आणि दुर्बीण न हलवता, तो मधून जात दुसऱ्या कडेला गडप होईपर्यंत सेकंद मोजायचे. आभाळ सरकतं दर ४ सेकंदांना १ कला. आलेल्या सेकंदांना चारानं भागलं की आपल्या आयपीसमधून नक्की किती आभाळ दिसतं ते कळतं. ती मोठ्यानं मोजत राहिली, वडील घड्याळ धरून उभे राहिले. २८० ला तारा गेला. ७० कला, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी मावून वर जागा उरेल एवढं आभाळ. तिनं कंपासपेटीतून स्टिकर काढला, त्यावर '७०' लिहिलं, २० च्या आयपीसच्या झाकणावर चिकटवला आणि म्हणाली, "काका, आता ४ चा पण मोजूया."

४ चा मोजताना तारा मिनिटभरात निसटला. तिनं तोही आकडा लिहून ठेवला.